नागरिकशास्त्राचा तास आणि आपली मुले
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केल्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पदवीचे भूषण आमच्यापाशी नाही. तथापि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील शाळांत आमची हयात गेली आणि त्यातील बराच काळ नागरिकशास्त्र शिकविण्यात गेला. तेवढ्याच अधिकारावर आजचे हे निवेदन आहे.

नागरिकशास्त्र हा वेळापत्रकातील पोरका विषय होय. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी ते जोडलेले असते आणि परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला जातो. परीक्षेतील यशासाठी लातूरचे नाव सर्वत्र घेतले जाते, याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु ज्या विषयास गुण थोडे, त्याकडे लक्षही थोडे, ही रीत पडल्यामुळे मुलगा ग्रामपंचायतीची कर्तव्ये घडाघडा म्हणतो आणि आपल्या गल्लीतील दिवा बंद पडला तर अर्ज कोणाकडे द्यावा, हे त्यास ठाऊक नसते.

आपल्या मराठवाड्याला हा विषय विशेष अगत्याचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपले आजे-पणजे निजामाची प्रजाच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात येऊन आपण नागरिक झालो. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पेशाने शिक्षकच होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडविली, त्यानंतर ते राजकारणात उतरले. मुक्तीनंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञाही १९६२ मध्ये तेलुगू भाषेत लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे जुन्या हैदराबाद संस्थानातील नलगोंडा भागातलेच होते. मुले ती रोज म्हणतात. ती लिहिणारा आपल्याप्रमाणेच एकेकाळी निजामाची प्रजा होता, हे सांगितले की त्यांचा आवाज बदलतो.

प्रजेचे काम आज्ञा पाळण्याने भागते. नागरिकास मात्र विचारावे लागते, हिशेब पाहावा लागतो आणि स्वतः केलेला नियम स्वतःही पाळावा लागतो. ‘मायबाप सरकार’ हा शब्द आपल्या तोंडून अद्याप गेलेला नाही. तो पाठांतराने जाणार नाही, सवयीने जाईल. म्हणून हा विषय आम्ही सांगण्यापेक्षा करवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यातील काही रीती येथे मांडतो. कोणत्याही शिक्षकास व पालकास त्या बिनखर्चाने करता येतील.

पहिली रीत घरातील कागदांची. शिधापत्रिका, विजेचे बिल, घरपट्टी-नळपट्टीची पावती, सातबारा यांच्या प्रती मुलांनी आणाव्यात. प्रत्येक कागदास तीन प्रश्न विचारावेत: हा कोणी दिला, यात आपले देणे काय, आणि त्याबदली आपला हक्क कोणता? नळपट्टीची पावती हाती धरलेल्या मुलास नगरपालिकेचा पाठ निराळा शिकवावा लागत नाही. वरच्या वर्गांसाठी याच्या जोडीला २००५ चा माहितीचा अधिकार घ्यावा आणि एक साधा अर्ज मुलांच्या हातून लिहून घ्यावा.

दुसरी रीत ग्रामसभेची. तिची सूचना फलकावर लागली की मुलांनी ती उतरून आणावी. सभेस जाऊन शांतपणे मागे बसावे, कोण बोलले, कोण बोलले नाही, स्त्रिया किती होत्या, याची टिपणे करावीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचावीत. त्यांना मत नसते, पण डोळे असतात. गप्प बसणाऱ्यांत मुलास आपले वडील दिसले, तर त्या रात्री घरी नागरिकशास्त्राची चर्चा खचित होते.

तिसरी रीत वर्गातील निवडणुकीची, आणि हिच्यातच विषयाचे मर्म आहे. प्रथम आम्हांस असे दिसून आले की मुले गल्ली पाहून, आडनाव पाहून मत देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. जे घरी ऐकले तेच त्यांनी पेटीत टाकले. उपदेश न करता आम्ही दोनच नियम घातले. उमेदवाराचा सूचक व अनुमोदक दुसऱ्या वस्तीतील असावा, आणि उमेदवाराने वर्गासाठी करावयाची तीन कामे फळ्यावर लिहावीत. मतदान गुप्त; मोजणी सर्वांदेखत. हरलेल्याने जिंकलेल्याचे अभिनंदन करावयाचे आणि महिन्याअखेर ती तीन कामे फळ्यावर पुन्हा लिहून किती झाली ते तपासावयाचे. दुसऱ्या वस्तीत अनुमोदक शोधण्यास गेलेला मुलगा त्या घरचे पाणी पिऊन येई. मते मागण्यासाठी का होईना, पण तो उंबरठा ओलांडला जाई, आणि पुढच्या निवडणुकीत आडनावाची किंमत कमी झालेली असे.

चौथी रीत ताज्या घटनेची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांजवळ तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश निघाला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत आम्ही पुस्तक मिटून वर्गास विचारले, ‘शाळेत एकच टाकी आहे, पाणी कोणी आधी प्यावे?’ मोठ्या मुलांनी ठरविले की आधी वरचे वर्ग. एका मुलीने उठून विचारले, ‘हा नियम करताना पहिलीतल्या मुलांना कोणी विचारले?’ वर्ग निरुत्तर झाला. मग पहिलीची दोन मुले बोलावून आणली, नियम नव्याने झाला आणि तो वर्गप्रमुखासही लागू झाला. समता, प्रतिनिधित्व आणि कायद्याचे राज्य हे तीन जड शब्द त्या एका तासात मुलांना समजले.

आता थोडे आपल्या संस्थेविषयी, आपल्या क्षमेची अपेक्षा ठेवून. ज्ञातीने गरीब विद्यार्थ्यास आधार द्यावा, वसतिगृह चालवावे, अडल्या घरी धावून जावे. हे पुण्यकर्मच आहे. परंतु निवडणूक आली म्हणजे ‘आपला माणूस’ एवढाच विचार बैठकीत सांगितला जातो, आणि घरातील कर्ता सांगेल तेथे सुना-लेकी मत देतात. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले त्यास १९८९ पासून इतकी वर्षे झाली. म्हणजे आज समोर बसलेली दहावीची मुले दोन-तीन वर्षांत मतदार होतील. वर्गात आम्ही जे बांधावे ते घरच्या ओसरीवर सुटावे, असे होऊ नये. ज्ञातीवर प्रेम असावे. मत मात्र काम पाहून द्यावे, आणि ते ज्याचे त्याने, जिचे तिने द्यावे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. गुणगौरव समारंभात गुणवंतांबरोबरच गावासाठी एखादे काम तडीस नेणाऱ्या मुलामुलीचाही सत्कार व्हावा, मग ते काम बंद हातपंपाच्या अर्जाएवढे लहान का असेना. वसतिगृहातील भोजनगृहाचा हिशेब विद्यार्थ्यांनी निवडलेल्या समितीने ठेवावा आणि फलकावर लावावा. आणि आपल्या वार्षिक सभेत जमाखर्च मांडला जाईल तेव्हा मुलांना बाहेर खेळावयास न धाडता पुढच्या रांगेत बसवावे, त्यांनी प्रश्न विचारल्यास रागावू नये. वडीलधाऱ्यांना हिशेब देताना पाहिलेले मूल पुढे स्वतः हिशेब देण्यास लाजत नाही, आणि मागण्यास भीत नाही.

आपल्या पूर्वजांनी प्रजेचे जिणे सोसले आणि नागरिकत्व आपल्या हाती दिले. ते कागदावर मिळाले. अंगी बाणवावयाचे आहे. या कामी शाळा एकटी पुरी पडत नाही. घराची व ज्ञातीची साथ तिला मिळावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.