रोजचा हिशोब



पांढुर्णा जिल्ह्यातल्या तिगावात उभं राहून दिल्लीच्या कारभाराबद्दल बोलायचं, तर सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका मतदानापासून करतो. नगरपालिकेच्या अध्यक्षाला मुदतीआधी घरी पाठवायचं का, हे मध्य प्रदेशात लोकांना विचारलं गेलं, तेव्हा मतदारासमोर दोन चिन्हं होती. एक रिकामी खुर्ची, दुसरी माणूस बसलेली. लोक याला ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’चं इलेक्शन म्हणतात. २००१ मध्ये अनूपपूरच्या लोकांनी रिकाम्या खुर्चीला कौल दिला आणि अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. देशातलं ते पहिलं उदाहरण मानलं जातं. सरपंचालाही गाव गुप्त मतदानानं परत बोलावू शकतं, तशी तरतूद आपल्या पंचायत कायद्यात आहे.

आमदार-खासदारांना मात्र यातलं काहीच लागू नाही. १९७४ मध्ये खासदार सी. के. चंद्रप्पन यांनी त्यासाठी लोकसभेत घटनादुरुस्ती विधेयक आणलं होतं. वाजपेयींनी पाठिंबा दिला, तरी ते बारगळलं. आजही बरेच जण तीच मागणी करतात. मला ती पहिली मागणी वाटत नाही. छिंदवाडा मतदारसंघात पंधरा लाखांवर मतदार आहेत. एवढ्या लोकांकडून खुर्ची रिकामी करून घेण्याची मोहीम ज्याच्याकडे पैसा तोच चालवणार. आपल्याला आधी रोजचा हिशोब हवा.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना हेच समजावून सांगितलं होतं. सरकारची तपासणी मतदार निवडणुकीच्या दिवशी करतात आणि सभागृहातले सदस्य प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोज करतात. आपल्यासारख्या देशाला रोजची तपासणी जास्त गरजेची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ती रोज होते का? पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. सतरावी २७४ दिवस. मधे करोना आला हे खरं, पण सगळी तूट त्याच्या माथी मारता येत नाही. लोकसभेनं वर्षाला किमान १२० दिवस बसावं, ही शिफारस घटना आढावा आयोगानं २००२ मध्येच केली आहे. ती कायद्यात यायला हवी.

त्याहून मोठी गोष्ट मतांची. टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. अध्यक्ष विचारतात, जे बाजूने आहेत त्यांनी ‘हां’ म्हणावं. बाकांवरून आवाज उठतो, मग विरोधातला आवाज, आणि विधेयक मंजूर. आपल्या संत्र्याच्या, कापसाच्या भावावर परिणाम करणारा कायदा असा मंजूर झाला, तर आपला खासदार ‘हां’ म्हणाला की ‘ना’, की त्या वेळी सभागृहात नव्हताच, हे तिगावच्या शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. सदस्यांच्या समोर हिरवं, लाल, पिवळं बटण बसवलेलं आहे. प्रत्येक विधेयकावर ते दाबणं सक्तीचं करा आणि नावानिशी यादी त्याच संध्याकाळी जाहीर करा. याला नवा पैसा लागत नाही.

बटण असलं तरी बोट पक्षाच्या ताब्यात असतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षाचा व्हिप, म्हणजे आदेश, मोडणाऱ्याची खासदारकी जाते. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्ये सांगितलं, हे बंधन विश्वास-अविश्वास, पैशाची विधेयकं अशा मोजक्या मतदानांपुरतं ठेवा. जे रोखण्यासाठी कायदा केला, ते पक्षांतर तरी कुठे थांबलं? मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार पडलं. शेजारी महाराष्ट्रात २०२२ ला शिवसेना फुटली, विधानसभा अध्यक्षांचा अपात्रतेचा निकाल लागला जानेवारी २०२४ मध्ये. अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे असतात, म्हणून हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच सुचवलं होतं. संसदेनं ते अजून मनावर घेतलेलं नाही.

स्वतःहून हिशोब देणारे मधू लिमये आज पदवी घेणाऱ्या तुमच्या पिढीला माहीत असावेत असं मला फार वाटतं. पुण्याचा माणूस, बिहारच्या बांका मतदारसंघातून निवडून गेलेला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, लोकसभेची पाच वर्षांची मुदत सरकारनं वाढवून घेतली, तेव्हा ते मध्य प्रदेशच्या तुरुंगात होते. लोकांनी हे सभागृह पाच वर्षांसाठी निवडलं होतं, ती संपली, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. पुढे लिमयांनी खासदारकीची पेन्शन घेतली नाही. सगळेच लिमये होणार नाहीत, म्हणून तर नियम लागतात.

कारभाराचं अंतर आपण पाहिलं आहे. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा झाला आणि कागदासाठी छिंदवाड्याला खेटे घालणं वाचलं. कार्यालय जवळ आलं. कायदे करणारा माणूस जवळ आणायचं काम राहिलं आहे.

ते तुम्ही सुरू करा. लोकसभेकडे कोणत्याही नागरिकाला याचिका पाठवता येते. मराठीत लिहिली तरी चालते, सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि ती खासदारामार्फत सादर करायची तर त्याची सही लागते. दर विधेयकावर नावानिशी मतदान, एवढीच मागणी लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा, गावाच्या सह्या घ्या आणि सहीसाठी आपल्या खासदारांकडे घेऊन जा.