अक्षराचा वेश आणि अक्षराचा क्रमांक



आमची शाळा कारखान्याच्या फाटकाशी भरली, आणि गणित आम्ही रद्दीच्या दुकानातील पुस्तकांतून शिकलो. तेव्हा गणितातील काळ्या जर्मन अक्षरांवर आम्ही बोलायला उभे राहावे याचे आपणांस नवल वाटेल. पण प्रसंगच तसा घडला.

गेल्या वर्षी पगाराच्या करारावर मतदानासाठी आम्ही सभा बोलावली. सूचना आमच्या कचेरीतील एका उत्साही पोराने मोबाइलवर तयार केली. मजकूर मराठी, पण युनियनचे नाव आणि हॉलचा पत्ता त्याने इंग्रजीत, त्या टोकदार काळ्या अक्षरांत सजवला. आम्ही पाहून 'झकास!' म्हणालो. सभेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या एका अंध सभासदाचा फोन आला. त्यांचा मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवतो. ते म्हणाले, "अहो भाऊ, ती बाई एकेका अक्षराला 'मॅथेमॅटिकल फ्राक्टुर' म्हणत बसली. सभा कुठं, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

पत्त्यात गणित कुठून शिरले? आम्ही शोध घेऊ लागलो.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आकृती नव्हे, क्रमांक. मोठ्या 'ए'चा क्रमांक 65. त्याला जाड करा, तिरपा करा, हवा तो अंगरखा चढवा. क्रमांक 65च राहतो. फ्राक्टुरमधला गणिती 'ए' मात्र वेश पालटलेला 'ए' नव्हेच. तो निराळा इसम आहे. त्याचा क्रमांक 120068.

ही निराळी नोंद कोणाच्या हौसेखातर झालेली नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणितज्ञांना साधी अक्षरे अपुरी पडू लागली, तेव्हा छापखान्यातील आपल्या नेहमीच्या लिपीचे खिळे त्यांनी कामाला लावले. डेडेकिंडने त्या अक्षरांनी आपले 'आयडियल' दाखवले. आजही ली समूहाला मोठा साधा 'जी' लिहितात आणि त्याच्या बीजगणिताला लहान फ्राक्टुर 'जी'. वेश उतरला की अर्थच बदलतो. पदार्थविज्ञानात हॅमिल्टोनियनसाठी नक्षीदार 'एच' येतो आणि चुंबकीय क्षेत्रासाठी साधा. दोन्ही सारखे छापले, तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच 'एच' बसतो आणि गणिताचे वाटोळे होते! म्हणून मार्च 2001 मध्ये युनिकोडच्या 3.1 आवृत्तीत या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. गंमत अशी की सी, एच, आय, आर आणि झेड या पाच मोठ्या फ्राक्टुर अक्षरांना आधीच दुसरीकडे जागा मिळाली होती. त्यामुळे नव्या रांगेत त्यांच्या पाच खुर्च्या आजही रिकाम्या आहेत.

जाता जाता एक सांगतो. ज्या देशाने ही लिपी मिरवली, तिथेच नाझी राजवटीने 3 जानेवारी 1941च्या हुकुमाने तिला 'यहुदी अक्षरे' ठरवून काढून टाकले. आरोप धादांत खोटा होता. गणिताच्या वह्यांतून मात्र ती हलली नाही.

कोणी म्हणेल, यंत्रानेच ती अक्षरे साधी करून वाचावीत. तशी सोय आहे. प्रत्येक गणिती अक्षराचे साधे रूप युनिकोडनेच नोंदले आहे. पण सरसकट तसे केले, तर गणित शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याला दोन 'जीं'तला फरक कसा कळावा? आमच्या नक्षीपायी त्याने का सोसावे? ती अक्षरे त्याच्या कामाची हत्यारे आहेत. आम्ही ती तोरण म्हणून टांगली. त्या पोराला आम्ही बोललो नाही. 'झकास' आम्हीच म्हणालो होतो.

आता आमच्या सूचना साध्या अक्षरांत जातात. परवाच्या सभेला ते सभासद आले, पहिल्या रांगेत बसले आणि बोनसवर आम्हाला दोन अवघड प्रश्न विचारून गेले. करार मात्र तीन वर्षांचा आहे, आणि तो त्यांच्या हाताशिवाय मंजूर झाला.