ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स जास्त काळ कसा टिकवावा?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्येचा माणूस. पाने-पकडीशी माझा संबंध कमीच. तरीही आज हा विषय मी मागून घेतला, कारण गिअरबॉक्स मोडतो तो शेतात आणि तोही ऐन घाईत. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर एवढाच काळ हाती असतो. त्यात पाऊस पडून वाफसा आला की चार-सहा दिवसच मिळतात. नेमका तेव्हा ट्रॅक्टर आठवडाभर मिस्त्रीकडे उघडा पडला, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा वाया गेलेल्या ओलीचे नुकसान मोठे ठरते.

प्रथम तेलाकडे पाहू. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक या तिघांना एकच तेल असते. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर त्यांनाही तेच. म्हणून तेथे कोणते तेल घालावे हे दुकानदाराला विचारू नये, ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. जुन्या ट्रॅक्टरला चालणारे 90 नंबरचे तेल नव्याला चालेलच असे नाही. शिल्लक राहिलेले इंजिन ऑईल तर मुळीच ओतू नये. तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पाहावी.

तेलाचा खरा शत्रू पाणी. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर खोल पाण्यात चालतो. मागच्या आसाचे सील झिजलेले असले किंवा गिअरच्या दांड्याखालचे रबर फाटलेले असले की पाणी आत शिरते. हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या ब्रीदरवर पाण्याचा जोराचा झोत मारून ट्रॅक्टर धुतला तरी तेच होते. डिपस्टिकवरचे तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर पाणी मिसळले हे नक्की समजावे. असे तेल दातऱ्यांना आणि बेअरिंगला वंगण देत नाही. ते ताबडतोब बदलावे आणि पाणी कोठून आले तेही शोधावे. नाहीतर नवे तेलही वाया जाईल. चिखलणीचा हंगाम संपला की पहाटे ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी तळाचा नट किंचित सैल करून पाहावा. रात्रभरात तळाशी बसलेले पाणी आधी बाहेर येते.

आता चालकाच्या पायाकडे वळू. क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसण्याची खोड फार जणांना असते. त्या नुसत्या भारानेही क्लच प्लेट घसरते, तापते आणि बेअरिंग झिजते. पेडलला पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी मोकळी चाल ठेवावी. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये आणि हाय-लोचा दांडा हलवू नये. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना वरच्या गिअरमध्ये झटक्याने क्लच सोडला तर तो सगळा धक्का दातऱ्यांवर बसतो. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की आधी जीव वाचवा. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून घ्यावा.

माझ्या विषयाची गोष्ट म्हणजे जमीन आणि वजन. चाक थोडे घसरणे वाईट नाही. ओढ वाढली की चाक घसरते आणि गिअरबॉक्सवरचा ताण तेथेच थांबतो. घसर मुळीच नको म्हणून टायरमध्ये पाणी भरायचे, वर लोखंडी वजने लावायची आणि नांगर खोल घालायचा, अशाने सगळा ताण दातऱ्यांवर आणि आसावर जातो. शिवाय काळी जमीन दबते ती वेगळीच.

घसर घरी मोजता येते. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. नांगर उचलून चाकाचे 10 फेरे होतील एवढे अंतर चालावे व दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. मग नांगर घालून त्याच अंतरात किती फेरे होतात ते मोजावे. 11 ते साडेअकरा भरले, म्हणजे घसर 9 ते 13 टक्के आली, तर ठीक आहे. 12 किंवा अधिक भरले तर डिझेल आणि टायर वाया जात आहेत. खोली कमी करावी किंवा थोडे वजन वाढवावे. खोल नांगरटीतही साडेदहाच भरले तर वजन जास्त आहे, ते उतरवावे. चाकाचा ठसाही हेच सांगतो. ठसा अगदी रेखीव उठला तर वजन जास्त, पुसून गेला तर कमी. मधला भाग थोडा मोडलेला दिसला तर योग्य. मात्र हे मोजमाप वाफशावर करावे. ओल्या रानात नांगर घालूच नये. तेथे घसर वाढते आणि ढेकळे निघतात, ती पुढे फुटत नाहीत. रान फार वाळू दिले तर ओढ वाढते.

नवा ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्राचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. ट्रॅक्टर किती ओढू शकतो ते त्यात आकड्यांत लिहिलेले असते. अवजार त्या मानाने निवडावे, शेजाऱ्याचे पाहून नव्हे.

एखाद्याच गिअरमध्ये घरघर येऊ लागली किंवा काढलेल्या तेलात लोखंडाचे कण चमकले, तर काम तेथेच थांबवावे. तुटलेला एक दात बाकीचे दातही खातो. तेल बदलण्याचा हिशेब तासांवर असतो. पण कित्येक ट्रॅक्टरचे तासाचे मीटर बंदच असते. ते दुरुस्त होईपर्यंत रोजचे तास वहीत लिहावेत. ट्रॅक्टर भाड्याने दिला असेल तर ते तासही त्यातच धरावेत.