कंबरेचं माप आणि स्तनाचा कर्करोग



परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं 1941 साली. तिथे उपचार होतात हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिथे चालणारं संशोधन मात्र आपल्या घरांपर्यंत क्वचितच पोहोचतं. त्यातल्याच एका कामाविषयी आज बोलायचं आहे, कारण त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या पोटावरच्या चरबीशी आहे.

2009 ते 2013 या काळात तिथल्या डॉ. राजेश दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती गोळा केली. हा आजार नसलेल्या साधारण तितक्याच स्त्रियांशी ती ताडून पाहिली. वय, बाळंतपणं, पाळी कधी गेली, हे विचारलंच. शिवाय उंची, वजन, कंबर आणि नितंब यांची मापं घेतली. 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या वजन-उंचीच्या गणितातून पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये धोका वाढलेला दिसला नाही. पण कंबरेच्या मापाला नितंबाच्या मापानं भागल्यावर चित्र पालटलं. ज्यांची कंबर जवळजवळ नितंबाइतकी झाली होती, त्यांच्यात हा आजार कित्येक पटींनी अधिक आढळला. पाळी चालू असो वा गेलेली असो, गाठ संप्रेरकांना दाद देणारी असो वा नसो, हे नातं टिकून राहिलं.

या शेवटच्या वाक्याला फार मोल आहे, ते का ते सांगतो. चरबी म्हणजे जादा अन्नाचं कोठार, असंच आपण धरून चाललो होतो. 1994 साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. ते मेदपेशीच तयार करतात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतात. तेव्हापासून चरबीकडे एक कामसू ग्रंथी म्हणून पाहिलं जाऊ लागलं. पाळी गेल्यावर अंडाशयांचं काम थांबतं, पण चरबीत असलेलं एक विकर इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतच राहतं. स्तनाच्या बऱ्याच गाठी या इस्ट्रोजेनवर वाढतात. म्हणून पाळी गेलेल्या स्थूल स्त्रियांना धोका जास्त, हे जगभर मान्य झालेलं होतं.

पण दोष एकट्या इस्ट्रोजेनचा असता, तर त्याला दाद न देणाऱ्या गाठींशी पोटाच्या घेराचा संबंध दिसायला नको होता. परळच्या अभ्यासातल्या स्त्रियांमध्ये तो दिसला. म्हणजे आणखी काही कारणं असली पाहिजेत. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात. इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो, मग स्वादुपिंड ते आणखी सोडतं. इन्शुलिन साखर आवरतं, तसंच पेशींना वाढीचा हुकूमही देतं. दुसरीकडे, फुगून मरायला टेकलेल्या मेदपेशीभोवती संरक्षक पेशी कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते कडं स्पष्ट दिसतं. तिथून दाह निर्माण करणारी द्रव्यं वर्षानुवर्षं झिरपत राहतात. अशा शरीरात बिघडलेल्या पेशीला वाढायला मोकळं रान मिळतं.

"मी तर बारीक आहे," असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी पुण्याचं उदाहरण देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा छायाचित्रासह एक छोटा लेख 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचाही 22.3, अगदी सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी होती 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची ठेवण वजनकाट्यावर कळत नाही.

तेव्हा टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. साडीवरून किंवा परकराच्या नाडीवरून घेतलेलं माप चुकतं. मग नितंबाचा सर्वांत रुंद भाग मोजा. कंबर 34 इंच आणि नितंब 40 इंच, तर भागाकार 0.85. स्त्रियांनी त्याच्या खाली राहावं. नुसती कंबर पाहायची तर भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कंबर मोठी म्हणजे कर्करोग होणारच, असं नव्हे. आणि ज्या बाईला तो झाला तिला "तूच ओढवून घेतलास" असं म्हणण्याचा अधिकार या संशोधनानं कुणालाही दिलेला नाही. सडपातळ स्त्रियांनाही हा आजार होतो. म्हणून कंबर कितीही असो, स्तनात गाठ हाताला लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर घरातली कामं, सणवार आटपेपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.