खजान्याची विहीर

बीडला पाहण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यानं विचारलं की आमच्या गावचा माणूस जरा घुटमळतो. वेरूळ-अजिंठा काही आमच्या वाट्याला आलं नाही. मग तो पाहुण्याला कंकालेश्वराला नेतो. चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध चालुक्य शैलीचं देऊळ. भिंतींवर हातात शस्त्रं घेतलेल्या स्त्रिया कोरल्यात, त्या मी लहानपणापासून पाहतोय. तिथून खंडोबाची टेकडी आणि तिथल्या दोन उंच दीपमाळा. मग जामा मशीद, शहेनशाहवलींचा दर्गा. राजुरी वेस, कोतवाली वेस ही नावं मात्र आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. मुहम्मद तुघलकाचा पडलेला दात इथं समारंभानं पुरला, त्यावर कबर बांधली, हेही पाहुण्याला हसत हसत ऐकवलं जातं. एका दाताला एवढा मान मिळालेलं गाव दुसरं नसेल!

खजाना बावडीकडं मात्र पाहुण्याला कुणी नेत नाही. आमच्या घरात दखनी बोलतात म्हणून आम्ही बावडी म्हणतो, शेजारी विहीर म्हणतात. शहराच्या दक्षिणेला, सोलापूरच्या रस्त्याला, सहा-एक किलोमीटरवर ती आहे. ना शिखर, ना मिनार. दगडात बांधलेला गोल घेर आणि खाली पाणी. फोटोत ती काही खास दिसत नाही.

पण मला विचाराल तर बीडची सगळ्यांत मोठी इमारत तीच, फक्त जमिनीच्या खाली बांधलेली. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३. अहमदनगरच्या गादीवर मुर्तझा निजामशाह. बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या कारागिरानं बांधली. जहागिरीचा सगळा खजिना तिच्यात खर्ची पडला म्हणून हे नाव, असं गावात सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण पैसा पाण्यात घातल्याबद्दल इथं कुणी नावं ठेवत नाही.

तिची करामत अशी. जमिनीखालून दोन बोगदे पाणी घेऊन विहिरीत येतात आणि तिसरा ते बाहेर शेतांकडं नेतो. मोट नाही, बैल नाही, मोटर नाही. जमिनीचा उतार नेमका हेरला होता, बस्स. औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) मलिक अंबरनं नहर आणली ती सतराव्या शतकात. आमची बावडी त्याआधीची. बीडच्या कडेची शेकडो एकर शेती तिच्यावर पिढ्यान् पिढ्या भिजत आली.

हे ज्या जिल्ह्यात घडलं तो जिल्हा लक्षात घ्या. १९७२चा दुष्काळ आम्ही पाहिला, २०१३चा आणि २०१६चाही. दिवाळीच्या सुमाराला इथली गावंच्या गावं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. घरात म्हाताऱ्या आणि शेळ्या उरतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचं नाव पडावं इतकी ही वाट जुनी झाली.

म्हणून वारसा जपायचा म्हणजे दगड धुवायचे आणि पाटी लावायची, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. देवळाला रंग फासला तर ते निदान उभं तरी राहतं. विहिरीचं तसं नाही. ती भोवतालच्या मुरलेल्या पाण्यावर जगते. आजूबाजूला खोल खोल बोअर घेतले, ओढे बुजवून प्लॉट पाडले, बोगद्यांत गाळ साचू दिला, तर कठडा शाबूत राहील आणि विहीर मरेल. तेव्हा राखायचं असेल तर तिच्या वरच्या अंगाचं रान राखावं लागेल. शासनाच्या फायलीत वास्तू एका खात्याकडं आणि पाणी दुसऱ्या. हे दोन साहेब आधी एका टेबलाशी बसवायला हवेत.

बीडला आलात तर कंकालेश्वर पाहाच. मग थोडी वाट वाकडी करून बावडीकडंही जा, आणि जायचं तर पावसाळ्यात नको, वैशाखात जा. कठड्यावरून आत डोकवा. जवळच्या रानात कुणी शेतकरी दिसला तर त्याला विचारा, मामा, यंदा पाणी कुठवर आलं होतं?