बंड्याची शिकवणी

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रकात विषय छापलाय, ‘घरच्या कुत्र्याला गमतीजमती कशा शिकवाव्यात’. बोलणार आमच्यापैकी एकच आहे, पण मजकूर दोघांचा आहे, आणि काही चुकलं तर दुरुस्त करणारी बाजू पहिल्याच रांगेत बसली आहे. म्हणून आज सगळीकडे ‘आम्ही’. आम्ही कुत्र्यांतले तज्ज्ञ नाही. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेतून. जन्मात कुत्रा पाळला तो एकच, बंड्या. जात देशी. चौदा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या स्कूटरखाली कुडकुडत बसला होता, तो घरात आला आणि राहिला.

पहिला प्रश्न आला भाषेचा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजीतच बोलायचं असतं अशी एक समजूत सगळीकडे आहेच. तेव्हा आई होत्या (एकाच्या आई, एकीच्या सासूबाई). त्यांना ‘सिट’ काही म्हणवेना. त्या म्हणाल्या, ‘कुत्रा आपल्या घरी राहणार ना? मग शिकेल आपली भाषा.’ झालं, ठरलं. बस, थांब, ये, सोड, पाय दे, फिर, शोध.

यातल्या ‘बस’ने घोटाळा केला. आपल्याकडे इंदुरात पानावर आडवा हात धरून ‘पुरे’ कोण म्हणतं? सगळे ‘बस, बस’ म्हणतात. मे महिन्यात घरी पाहुणे जेवायला होते, आमरस वाढणं चाललं होतं. पहिल्या ‘बस’ला बंड्या बसला. दुसऱ्या ‘बस’ला त्याने आमच्याकडे बघितलं, बसलोय की मी! तिसऱ्याला बिचारा आणखी कसं बसावं ते न कळून पार आडवा झाला. पाहुणे हसले, पण आम्हाला धडा मिळाला. कुत्र्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, आवाज कळतो. म्हणून त्याच्यासाठी निवडलेल्या शब्दाला घरात दुसरं काम नको. आम्ही ‘बस’चं ‘बैस’ केलं. त्याला ते चार दिवसांत जमलं. आम्हाला महिना लागला.

आता शिकवायचं कसं? बसायला शिकवताना कुत्र्याच्या ढुंगणावर दाबायचं नाही. चिमटीत खाऊ धरायचा, नाकाजवळ न्यायचा आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. ‘फिर’ शिकवताना तोच हात नाकासमोरून गोल न्यायचा, की कुत्रा स्वतःभोवती गिरकी घेतो. चार-पाच वेळा असं झालं की चिमटी रिकामी ठेवायची, हात तसाच हलवायचा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा. नाहीतर कुत्रा खाऊ दिसल्याशिवाय हलत नाही. शब्द त्यानंतर आणायचा. आधी शब्द, मग हात. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात बघतो आणि शब्द सोडून देतो. हे ‘हात बघतो’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘छान’ला उशीर झाला की काय होतं ते आमच्याकडून ऐका. ‘पाय दे’ शिकवताना आम्ही खाऊ खिशात ठेवायचो. बंड्या पाय द्यायचा, आम्ही खिसा चाचपायचो, तोवर तो भुंकायचा, मग खाऊ मिळायचा. पंधरा दिवसांत तो पाय देऊन एकदा भुंकणे ही एकच कृती असल्यासारखी करू लागला. दोष त्याचा नव्हे. आम्ही तेच शिकवलं होतं.

या क्षण पकडण्याचं शास्त्र आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने 1940च्या दशकात अमेरिकेत त्यावर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच उभा केला. नेमक्या क्षणी एक ठरावीक आवाज करायचा, म्हणजे प्राण्याला कळतं की बक्षीस कशाबद्दल आहे. पुढे कॅरन प्रायर या डॉल्फिन शिकवणाऱ्या बाईंनी ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक 1984 साली लिहिलं आणि ही पद्धत घरोघरी गेली. बाजारात त्यासाठी टिकटिक करणारी छोटी डबी मिळते. आमचं ‘छान’वर भागलं.

खाऊ म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा, जास्त नाही. पनीर, उकडलेलं अंडं, गाजर, ओलं खोबरं. शिकवणी पाच मिनिटांची, जेवणाआधी. भरल्या पोटी कोण शिकतो? कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला कधीही द्यायचे नाहीत. द्राक्ष-बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. गणपतीच्या दिवसांत हे मुद्दाम सांगतो, कारण खिरापतीत बेदाणे असतात आणि लहान मुलं प्रेमाने भरवतात. आणि शेव देऊ नका. इंदुरात उभं राहून हे सांगायला धैर्य लागतं, पण त्यातलं मीठ-मसाला त्यांच्यासाठी नाही.

मध्यंतरी एकदा आमचा धीर सुटला होता. कोणीतरी सुचवलं म्हणून एक शिकवणारे गृहस्थ बोलावले. त्यांनी साखळीला हिसके द्यायला सांगितलं. दोन दिवस आम्ही दिले. तिसऱ्या दिवशी साखळीचा आवाज आला आणि बंड्या कपड्यांच्या कपाटामागे जाऊन बसला. गृहस्थांना आम्ही फी दिली आणि निरोप दिला.

सगळ्यात गंमत आली ती नमस्काराची. झोपेतून उठल्यावर कुत्रा पुढचे पाय लांब ताणतो, छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवून आळस देतो. हुबेहूब वाकून नमस्कार. हे शिकवावं लागत नाही, टिपावं लागतं. आम्ही रोज सकाळी खोबऱ्याचा तुकडा घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघायचो. त्याने आळस दिला की ‘छान’. तीन आठवड्यांत त्याला उमगलं की या आळसाला भाव आहे, आणि तो दिवसभर आमच्यासमोर आळस द्यायला लागला. मग आम्ही त्याला खूण जोडली, अर्थात हात जोडण्याची. ही खूण निवडताना पुढचा विचार केला नव्हता. त्या भाद्रपदात आरती संपली, सगळ्यांनी हात जोडले, आणि बंड्या मखरासमोर वाकला. शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्वजन्मीचं काहीतरी आहे, असं त्या म्हणाल्या. आम्ही काही बोललो नाही. खोबरं दिलं.

मंडळी, इथपर्यंतची सगळी हौस होती. पुढचं सांगायला हा विषय घेतला.

बंड्याला आवाजाची भयंकर भीती. दिवाळीत न्हाणीघरात बसायचा. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री तर आपल्याकडे गिरण्यांच्या झाँक्या, आखाडे, ढोल-ताशे. गिरण्या बंद पडल्या पण झाँक्या थांबल्या नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं. त्या रात्री आमच्यापैकी एकाने घरी राहायचं, पलंगाखाली हात घालून त्याला थोपटत बसायचं, हा दर वर्षीचा नेम. तीन वर्षांपूर्वी मात्र तो खिडकीखाली पाय ताणून निवांत झोपून राहिला. ढोल गल्लीच्या तोंडाशी आले तरी उठला नाही. आम्हाला केवढा आनंद झाला! म्हातारपणी शहाणा झाला म्हणून लेकीला फोन केला, आणि किती वर्षांनी दोघं मिळून झाँक्या बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात हातातून पितळी परात सुटली. पाच हातांवर गोधडीवर पडलेल्या बंड्याचा कानसुद्धा हलला नाही.

डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, किल्ल्या खुळखुळवल्या. वयाने आलेलं बहिरेपण आहे, म्हणाले, हळूहळू आलं असणार, यावर औषध नाही. त्या ‘हळूहळू’नेच आम्हाला खाल्लं. कारण आधीचे सहा-सात महिने आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. हाक मारली तर येत नाही, ‘थांब’ म्हटलं तर थांबत नाही. एकदा तर बोलावून येत नाही म्हणून रागाने गच्चीचं दार लावून घेतलं होतं. तासाभराने उघडलं तेव्हा तो दाराला पाठ करून बसलेला होता. दार बंद झाल्याचं त्याला ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टरांकडून आल्यावर त्याला जेवायला वाढलं. रोज ‘बैस’ म्हणून ताटली ठेवतो. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. नुसता हात वर गेला, सवयीने. बंड्या बसला. मग बोट गोल फिरवलं, त्याने गिरकी घेतली. तळहात पुढे केला, त्याने पाय दिला. एकूण एक सगळं आलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही शब्द शिकवले म्हणून मिरवत होतो आणि तो आमचे हात वाचत होता. माणसाच्या बोटाचा इशारा समजण्यात कुत्री फार तरबेज असतात असं अभ्यासकांनी दाखवलंय. ते आम्ही त्या रात्री पाहिलं.

अडचण एकच राहिली. तो आमच्याकडे बघत असेल तरच हात दिसणार. त्यासाठी थोडं नवं शिकवावं लागलं. अंगणातून बोलवायचं तर ओसरीवरचा दिवा दोनदा उघडझाप करायचा; दिवा लुकलुकला की घरात खाऊ, हे त्याला आठवड्यात कळलं. घरात असेल तर जमिनीवर पाय आपटायचा, हादरा त्याला पोचतो. झोपलेला असेल तर एकदम अंगाला हात लावायचा नाही, दचकून चावू शकतो. आधी हात नाकाजवळ न्यायचा, वासाने त्याला जागं होऊ द्यायचं, मग खांद्याला स्पर्श. ‘छान’ म्हणायला पाचही बोटं फाकवून दाखवायची. आणि बाहेर पट्ट्याशिवाय एक पाऊलही नाही, मागून येणारी गाडी त्याला कळत नाही.

लोळणं, उड्या मारणं आम्ही त्याच्या कंबरेसाठी केव्हाच सोडलं. ‘शोध’ मात्र राहिला. तीन वाट्या उपड्या घालायच्या, एकीखाली पनीर. नाक अजून शाबूत आहे. तो हुंगून बरोबर वाटी उलटवतो आणि आमच्याकडे अशा नजरेने बघतो की आम्हीच शिकाऊ.

म्हणून आमचं एवढंच म्हणणं आहे, कुत्रा तरुण आहे, कान तीक्ष्ण आहेत, तेव्हाच प्रत्येक गमतीला हाताची खूण जोडून ठेवा. शब्द आवडीचा कुठलाही ठेवा, पण खूण घरात सगळ्यांची एकच असू द्या.

नातवाचं सांगायचं राहिलं. तो बंगळुरूला असतो, आता नऊ वर्षांचा. त्याचं मराठी बंड्याएवढंच होतं, दहा-बारा शब्द आणि सगळे आज्ञार्थी. आम्हालाही तो कधी कधी ‘आजोबा, थांब! आजी, सोड!’ म्हणायचा. बंड्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर तो शब्द सोडून नुसते हात करू लागला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. आजीला ते चाललं नाही. ती म्हणाली, ‘खूण कर, पण तोंडाने बोलही.’ तो म्हणाला, ‘बट ही कान्ट हिअर!’ आजी म्हणाली, ‘त्याला नाही येत ऐकू. तुला येतं ना?’ तेव्हापासून तो बहिऱ्या कुत्र्याशी मोठ्याने, अख्खी वाक्यं बोलतो. ‘बंड्या, आता तू इकडे बैस, मी वाटी लपवतो.’ चुका करतो. बंड्या काही हसत नाही.

यंदा तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतोय. आमच्याकडे दहाही दिवस संध्याकाळी साडेसातला आरती असते, सगळ्यांनी या. खिरापतीत आम्ही बेदाणे घालत नाही, तेव्हा मुलांना मोकळं सोडा. फक्त हात जोडण्याआधी बंड्या कुठे बसलाय ते बघून घ्या. त्याने तुमच्याकडे बघून नमस्कार केला तर खोबऱ्याचा तुकडा तुम्हालाच द्यावा लागेल. वाटी मखराच्या उजव्या बाजूला ठेवलेली असते.