वाहनांचा आवाज मोजणारा इंजिनिअर



मुलगा इंजिनिअर होणार म्हटले की आपल्यापुढे धरणे आणि पूल उभे राहतात. आज मी निराळ्याच इंजिनिअरविषयी बोलणार आहे. हा रस्त्याकडेला यंत्र मांडून वाहनांचा आवाज मोजतो.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात भरलेला ट्रक चढू लागला, की त्याचे इंजिन किती घोंगावते हे आपण जाणताच. सपाटीवर भरधाव जाणाऱ्या मोटारीचा आवाज मात्र मुख्यतः टायर रस्त्यावर घासण्याचा असतो. म्हणून वाहने किती, त्यांत ट्रक किती, वेग व चढ किती, एवढे कळले की रस्ता होण्यापूर्वीच आवाजाचे गणित मांडता येते. ब्रिटनमध्ये अशी रीत 1975 साली, अमेरिकेत 1978 साली ठरली. हे गणित मोठे विलक्षण आहे. वाहने दुप्पट झाली तर डेसिबल केवळ 3 ने वाढतात. उलट रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी 3 ते 4 च उतरतात. तेव्हा शाळा थोडी मागे सरकवून भागत नाही.

आणि शाळेचे नुकसान खरोखरच होते. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेजवळून दर चार-पाच मिनिटांनी पुलावरची आगगाडी धडधडत जाई. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली दाखविले, की गाडीच्या बाजूच्या वर्गांतील मुले पलीकडच्या मुलांहून वाचनात मागे आहेत; सहावीत हे अंतर जवळजवळ वर्षाचे होते. मग रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. 1981 साली पुन्हा पाहिले, तो फरक नाहीसा झालेला! मुले तीच बुद्धी घेऊन आली होती, बदलले ते रूळ आणि छत.

आपल्या देशाच्या 2000 सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्गात 35 च सांगते. ‘फार गोंगाट होतो’ असा अर्ज फाइलीत पडून राहतो. आकडा लिहिला तर निदान उत्तर द्यावे लागते, असे माझे मत आहे.

बेळगावात 1998 पासून तांत्रिक विद्यापीठ आहे. शिष्यवृत्ती देताना या विषयाकडे वळणाऱ्या एखाद्या मुलामुलीचा विश्वस्तांनी अवश्य विचार करावा. आणि नव्या वर्गखोल्यांचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी दिवसभर आवाज मोजून घ्यावा. रस्त्याकडेला जिना, कार्यालय, कोठार येऊ द्यावे, वर्गांच्या खिडक्या मागील अंगणाकडे उघडाव्यात.